माजी सैनिकांसाठी चर्चमध्ये उपासना : नियोजन कसे असावे?

नागपूर : माजी सैनिकांच्या सन्मानार्थ चर्चमध्ये विशेष उपासना ठेवायची, तर पहिला प्रश्न दिवसाचा. पहिले महायुद्ध ११ नोव्हेंबर १९१८ रोजी थांबले. त्याच्या स्मरणार्थ नोव्हेंबरचा दुसरा रविवार अनेक चर्चमध्ये पाळला जातो. मात्र तो मृतांचा दिवस. दोन मिनिटांचे मौन, बिगुलावरील 'लास्ट पोस्ट' आणि पुष्पचक्र तेथेच शोभते. हयात सैनिकांना समोर बसवून तेच विधी करणे विचित्र ठरेल.

त्यांच्यासाठी १४ जानेवारीलगतचा रविवार उचित. लष्कराचे पहिले भारतीय सरसेनापती के. एम. करिअप्पा १९५३ मध्ये याच तारखेला निवृत्त झाले. हा दिवस आता सशस्त्र दल माजी सैनिक दिन म्हणून साजरा होतो.

नागपूरशेजारी कामठीला १८२१ पासून छावणी आहे. साहजिकच निमंत्रितांत सर्व धर्मांचे सैनिक असतील. निमंत्रणासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचे साह्य मागता येते. प्रभुभोजनाच्या वेळी इतरांनी आसनावरच थांबावे, हे पाळकांनी आधीच नम्रपणे सांगावे. नाहीतर पाहुणे अवघडतात.

हुद्दा व पलटण ज्याच्या त्याच्याकडून तपासून घ्यावी. वीरपत्नींना पहिली रांग द्यावी. वृद्धांना नाव पुकारल्यावर उभे राहण्याची सक्ती नको, अन् युद्धाच्या आठवणी सांगण्याचा आग्रह तर नकोच.