मासळीच्या तेलापासून लशीच्या वडीपर्यंत

रॅकून पिंजऱ्यात यावा म्हणून आत काय ठेवायचं, असं आज न्यू जर्सीत किंवा ओहायोत कुणाला विचारलं तर बहुतेक वेळा उत्तर मिळतं, मार्शमॅलो. दोन-तीन डॉलरची पिशवी आणायची, त्यातले चार पांढरे गोळे काढायचे, की आमिष तयार. शंभर वर्षांपूर्वी त्याच ओहायोतल्या सापळेवाल्याने मासळी सांगितली असती, तीही उन्हात मुरवलेली. या काळात माणसाला रॅकून कशासाठी हवा, हे दोनदा बदललं. आधी तो कातड्यासाठी हवा होता, मग माळ्यावरून आणि मक्याच्या वाफ्यातून हटवण्यासाठी, आणि पुढे त्याला लस देण्यासाठी. आमिष मात्र तिन्ही वेळा घरात सहज सापडणाऱ्या स्वस्त वस्तूंच्या वाटेनेच गेलं. हा सगळा प्रवास ओळीने लावून पाहिला की एक गोष्ट पटते. आमिषाचा कस पैशावर लागत नाही, तो लागतो प्राण्याच्या ओळखीवर. आणि ही ओळख जितकी वाढत गेली, तितकं माणसाचं वागणंही थोडं शहाणं होत गेलं.

सुरुवात एकोणिसाव्या शतकातली. न्यूयॉर्क राज्यातल्या ओनायडा कम्युनिटीत स्यूएल न्यूहाउस नावाचा माणूस लोखंडी सापळे घडवत असे. त्याचे सापळे उत्तर अमेरिकाभर गेले आणि १८६५ मध्ये त्याचं सापळेवाल्यांसाठीचं मार्गदर्शक पुस्तकही निघालं. १९०० मध्ये ओहायोत ए. आर. हार्डिंग यांनी 'हंटर-ट्रेडर-ट्रॅपर' हे मासिक सुरू केलं. शेतावरची पोरं हिवाळ्यात चार पैसे मिळवायला सापळे लावत. विकतचं आमिष त्यांना परवडणारं नव्हतं, म्हणून ते घरीच करावं लागे.

त्या काळचा सगळ्यात नावाजलेला प्रकार म्हणजे मासळीचं तेल. नदीतली फारशी किंमत नसलेली, तेलकट मासळी घ्यायची, तिचे बारीक तुकडे करून काचेच्या बरणीत भरायचे. झाकण घट्ट लावायचं नाही, कारण आत वायू धरतो. आपल्याकडे साखरांबा उन्हात ठेवतात तशी ही बरणी उन्हाळाभर उन्हात ठेवायची. काही आठवड्यांत मांस विरघळतं आणि वर पिवळसर तेल साचतं. ते हलक्या हाताने काढून बाटलीत भरलं की हिवाळ्याची बेगमी झाली. कुणी त्यात अनिसच्या तेलाचे थेंब टाकी, कुणी मध. ओढ्याकाठी एखाद्या दगडावर किंवा ओंडक्यावर थोडंसं तेल शिंपडलं की दमट हवेत त्याचा वास लांबवर जाई. रॅकून रात्री हिंडतो, पाण्याच्या कडेकडेने चालतो आणि खेकडे, बेडूक, शिंपले चाचपत जातो. मासळीचा वास त्याच्या रोजच्या वाटेवरचाच होता, म्हणून तो चाले.

पण नाकाइतकंच, किंबहुना त्याहून जास्त, रॅकून हाताने जगतो. हे सापळेवाल्यांना प्रयोगशाळांच्या आधी कळलं होतं. उथळ पाण्यात सापळा ठेवून त्याच्या पट्टीवर चकाकणारा पत्रा किंवा चांदीच्या रंगाचा कागद गुंडाळायची जुनी पद्धत होती. खायला काहीच नाही, खर्च शून्य. पाण्यात काहीतरी चमकलं की रॅकून ते चाचपून बघणारच, एवढ्या भरवशावर ती चाले. विल्सन रॉल्स यांच्या १९६१ च्या 'व्हेअर द रेड फर्न ग्रोज' या कादंबरीतला गरीब मुलगाही ओंडक्याला भोक पाडून आत चकचकीत पत्रा ठेवतो, ते याच गावठी ज्ञानातून आलेलं आहे.

याच स्वभावाचं दुसरं दर्शन चक्क व्हाइट हाउसमध्ये झालं. १९२६ मध्ये अध्यक्ष कॅल्विन कूलिज यांच्याकडे थँक्सगिव्हिंगच्या जेवणासाठी मिसिसिपीहून एक जिवंत रॅकून मादी आली. कूलिज दांपत्याने तिला कापायचं नाकारलं, रेबेका असं नाव ठेवलं आणि पाळलं. ग्रेस कूलिज यांनी लिहून ठेवलंय की न्हाणीच्या टबात थोडं पाणी आणि साबणाची वडी दिली की रेबेका तासभर त्यातच रमे. साबण काही खाण्याची वस्तू नव्हे. ओल्या हातांना काहीतरी उलटंसुलटं करायला मिळालं, यातच तिला सारं होतं.

विज्ञानाने हे पुढे मोजलं. वेल्कर आणि सायडनस्टाइन यांनी १९५९ मध्ये रॅकूनच्या मेंदूचा नकाशा प्रसिद्ध केला. स्पर्श ओळखणाऱ्या भागातला फार मोठा वाटा एकट्या पुढच्या पंजांनी व्यापलेला दिसला. १९६३ मध्ये लायल-वॉटसन यांनी बंदिवासातल्या रॅकूनांच्या अन्न 'धुण्याची' फेरतपासणी केली. त्या वागण्याचा स्वच्छतेशी संबंध नाही, पाण्यातलं भक्ष्य चाचपण्याच्या सवयीचा तो भाग आहे, असं त्यांनी मांडलं. ओढ्याकाठच्या पोरांनी पत्र्याचा तुकडा वापरून जे साधलं होतं, त्यामागचं कारण असं सापडलं.

कातड्याच्या बाजाराचं चक्र याच काळात फिरत राहिलं. १९२० च्या दशकात कॉलेजातल्या मुलांत रॅकूनच्या कातड्याचे लांब कोट मिरवायची टूम होती. १९५५ च्या सुमारास डिस्नेच्या डेव्ही क्रॉकेट मालिकेमुळे शेपटीवाल्या टोप्यांनी पोरांना वेड लावलं. सत्तरच्या दशकाच्या शेवटी भाव इतके चढले की गावोगावी नवशिके सापळे घेऊन निघाले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस बाजार कोसळला. युरोपीय समुदायाने १९९१ मध्ये पाय पकडणाऱ्या जबड्याच्या सापळ्यांविरुद्ध नियम केला. आणि रॅकून? तो या काळात वाढतच गेला. १९८० च्या दशकातल्या अंदाजांनुसार त्यांची संख्या १९३० च्या दशकाच्या पंधरा-वीस पट होती. शहरांनी कचऱ्याचे डबे, धुरांडी, माळे आणि पाळीव प्राण्यांच्या खाण्याच्या ताटल्या पुरवल्या आणि त्याने त्या बिनतक्रार स्वीकारल्या.

इथे आमिषाचा खरा कायापालट झाला. ओढ्याकाठी प्रश्न होता, रॅकून येईल का? उपनगरात नवा प्रश्न आला, दुसरं कोण येणार नाही? परसात मासळीच्या वासाने सर्वात आधी शेजाऱ्यांचं मांजर पिंजऱ्यात जाऊन बसतं. त्यावरचा तोडगा लोकांनी अनुभवातूनच काढला, गोड लावायचं. मार्शमॅलो, मक्याचं कणीस, पीनट बटर, मधात बुडवलेला पाव, व्हॅनिलाचे दोन थेंब. मार्शमॅलो विशेष रुळला, कारण तो पांढरा असल्याने अंधारात दिसतो, लवकर नासत नाही आणि हाताला मऊ, वेगळा लागतो. मांजर त्याकडे फारसं का वळत नाही, हे २००५ मध्ये फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतल्या संशोधकांनी दाखवलं. मांजरकुळात गोड चव ओळखणाऱ्या ग्राहीचं (रिसेप्टरचं) एक जनुक निकामी झालेलं आहे. मांजराला गोड कळतच नाही. रॅकूनला कळतं आणि आवडतंही. ओपॉसम मात्र गोडालाही भुलतो आणि मग त्याला सोडून द्यावं लागतं.

पिंजरा लावायची रीतही या ओळखीतूनच घडली. साधारण बत्तीस इंच लांब, दहा इंच रुंद आणि बारा इंच उंच असा जाळीचा पिंजरा. आमिष दरवाजा पाडणाऱ्या पायपट्टीच्या पलीकडे, अगदी मागच्या टोकाला. एक तुकडा तोंडाशी, एक जरा आत, म्हणजे चटक लागते. पण मागची बाजू आणि कडा फळीने किंवा बारीक जाळीने झाकल्या नाहीत, तर रॅकून बाहेर बसूनच बोटं आत घालतो आणि सगळं काढून नेतो. पिंजरा जमिनीला पक्का नसेल तर तो आडवा पाडून आमिष तोंडाशी आणतो. दरवाजा आणि पट्टी उत्तम असूनही रिकामा राहिलेला पिंजरा बहुतेक वेळा या बोटांनीच रिकामा केलेला असतो.

या बोटांवरच बेतलेला सापळा पुढे रूढ झाला. त्याला 'डॉग-प्रूफ' म्हणतात. जमिनीत रोवलेली धातूची नळी, तोंड जेमतेम दीड इंचाचं, तळाशी कळ. आत मूठभर कोरडं मांजराचं खाणं, वर मार्शमॅलोचा तुकडा, त्यावर थोडं मासळीचं तेल किंवा पाक. कुत्र्याचं तोंड आत जात नाही, रॅकूनचा हात जातो. तो कळ वर ओढतो आणि अडकतो. आमिषाची नवी-जुनी दोन्ही घराणी इथे एका नळीत भेटली. वासाने बोलवायला मासळी, हाताने ओढायला गोड. ज्याला हे समजलं त्याला विकतच्या महागड्या बाटल्यांची गरज उरली नाही.

पण पकडण्याची हौस महागातही पडली, आणि मागोवा घेताना हे टाळून चालणार नाही. १९७० च्या दशकात शिकारीसाठी फ्लोरिडातून रॅकून उचलून व्हर्जिनियाच्या भागात सोडले गेले. त्यांच्याबरोबर रॅकूनचा रेबीज आला. १९७७ मध्ये वेस्ट व्हर्जिनियात पहिली नोंद झाली आणि पुढच्या दोन दशकांत तो पूर्व किनारपट्टीभर पसरला. पकडलेला प्राणी लांब नेऊन सोडणं दयाळूपणाचं वाटतं. त्याची किंमत काय असते, हे इथे दिसलं. म्हणूनच आज अनेक राज्यांत रॅकून दुसरीकडे सोडायला बंदी आहे किंवा परवानगी लागते. शिवाय वसंतात पकडलेल्या मादीची पिल्लं बऱ्याचदा माळ्यावर उपाशी पडलेली असतात. पिंजरा लावण्याआधी या दोन गोष्टी ठाऊक असणं मला आमिषापेक्षाही महत्त्वाचं वाटतं.

त्या साथीने आमिषाला तिसरं काम दिलं. फिलाडेल्फियाची विस्टार संस्था आणि फ्रान्समधली ट्रान्सजीन कंपनी यांनी विकसित केलेल्या तोंडावाटे द्यायच्या लशीची अमेरिकेतली पहिली मैदानी चाचणी १९९० मध्ये व्हर्जिनियाच्या पॅरामोर बेटावर झाली. लस ज्या वडीत भरली होती ती मासळीच्या भुकटीची होती. ओढ्याकाठचा वास असा लशीचा वाहक झाला. कॅनडात ओंटारियोने दुसरी लस आणली, ऑनरॅब. तिच्या हिरवट वडीच्या वेष्टनात वनस्पती तूप, मेण, पिठीसाखर आणि व्हॅनिला आहे, आणि त्यात मार्शमॅलोची कृत्रिम चवही घातली आहे. एक वडी मासळीची, एक मार्शमॅलोची. शेतावरच्या बरणीने आणि परसातल्या पिशवीने जे दोन मार्ग दाखवले, त्याच दोन मार्गांवर सरकारी प्रयोगशाळाही येऊन थांबल्या. आता या वड्या विमानांतून टाकल्या जातात आणि पूर्वेकडचा रेबीज पश्चिमेकडे सरकू नये म्हणून दरवर्षी त्यांची भिंत उभी केली जाते.

   

आपल्या बाजूलाही आमिषातून लस देण्याच्या या विचाराचा धागा पोचलाय. गोव्यात 'मिशन रेबीज' ने राज्य सरकारबरोबर कुत्र्यांचं लसीकरण केलं, तेव्हा भटक्या कुत्र्यांना हातातून आमिष देऊन पाहिलं. त्यात लस नव्हती. कुत्री जवळ येतात का, खातात का, एवढंच तपासायचं होतं. जाळी घेऊन धावण्यापेक्षा कमी माणसांत जास्त कुत्र्यांपर्यंत पोचता आलं.

एडिसन, टोरोंटो किंवा सिनसिनाटीतल्या मराठी घरांना माझं सांगणं सरळ आहे. आधी कचऱ्याचं झाकण घट्ट करा, मांजराची ताटली रात्री आत घ्या, माळ्याची फट बुजवण्यापूर्वी आत पिल्लं नाहीत ना ते पाहा. तरीही पिंजरा लावावा लागला तर तुमच्या राज्याचा किंवा प्रांताचा नियम वाचा आणि मग मार्शमॅलो आणा. दीडशे वर्षांचं शहाणपण त्या पिशवीत आहे, आणि ते ज्यांनी मिळवलं त्यांच्याकडे पैसा नव्हता, रात्र-रात्र प्राण्याकडे बघायची चिकाटी होती.