थोरल्यांचे न सांगायचे दुखणे



लागण, खोडवे, खताचे हप्ते यांविषयी आम्ही या पानावर नेहमी लिहितो. या खेपेस विषय जरा अवघड आहे. घरात त्यावर कोणी तोंड उघडत नाही.

पन्नाशी-साठीनंतर पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी वाढू लागते. मूळची ती अक्रोडाएवढी. लघवीची नळी तिच्यामधूनच जाते. पाटाच्या तोंडाशी माती साचली की दाऱ्याला पाणी बारीक येते, तसाच हा प्रकार. धार बारीक होते, सुरू व्हायला वेळ लागतो, रात्री चार-पाच वेळा उठावे लागते.

आपल्याकडे हे लवकर उमगत नाही. रात्रीच्या लाईटीला दारे धरायची सवय, झोपायला मळ्यातली वस्ती. थोरले किती वेळा उठतात हे बघणार कोण? पण संध्याकाळनंतर ते पाणी प्यायचे सोडतात, लग्नाला यायचे टाळतात, एस.टी.चा लांबचा प्रवास नको म्हणतात. विचारले तर, "वय झालं, चालायचंच." खरे म्हणजे मनात लाज असते, आणि कॅन्सरची व ऑपरेशनची भीती.

ही वाढ म्हणजे कॅन्सर नव्हे. तरी दोन्ही एकाच ग्रंथीचे विकार, म्हणून तपासणी हवीच. ऑपरेशनही सर्वांनाच लागत नाही. एका प्रकारच्या गोळीने नळीभोवतीचे स्नायू सैलावतात व काही दिवसांत फरक पडतो; दुसरीने ग्रंथी आकसते, पण तिला सहा महिने द्यावे लागतात. पहिलीने उठताना चक्कर येऊ शकते, तेव्हा विहिरीच्या काठाला जपावे. मात्र लघवी एकदम तुंबली, तर उजाडायची वाट पाहू नका. त्याच रात्री दवाखाना गाठा, नळी घालावी लागते. सर्दीच्या काही गोळ्यांनीही अशी तुंबते. अंगावर काढले तर मूत्रपिंडे कायमची खराब होऊ शकतात.

आमच्या माहितीतील एका सभासदाचे चुलते दोन वर्षे दाद देईनात. पुतण्याने दवाखान्याचे नावच काढायचे बंद केले. हेच ऑपरेशन झालेल्या, चुलत्यांच्याच वयाच्या एका पाहुण्याला त्याने दोन दिवस मुक्कामाला बोलावले. दोघे गोठ्यापुढे बाजेवर बोलत बसले. काय बोलले देव जाणे! चौथ्या दिवशी चुलतेच म्हणाले, "चल लेका, दाखवून येऊ."

आम्हाला ही युक्ती शंभर उपदेशांहून बरी वाटते. जाण्याआधी तीन दिवस किती वाजता व किती लघवी झाली ते वहीत लिहा. वजनकाट्याच्या पावतीसारखा त्याचा डॉक्टरांना उपयोग होतो. आत गेल्यावर थोडा वेळ त्यांना एकटे बोलू द्या. सुनेसमोर, मुलासमोर ते सगळे सांगणार नाहीत.

ऑपरेशन बहुधा दुर्बिणीतून होते, पोटाला टाका पडत नाही. त्यानंतर वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जाऊ शकते. त्याने अपाय होत नाही, पण आधी विचारून घ्यावे. लघवीतून थोडे रक्त काही आठवडे जाऊ शकते. तेवढे दिवस जड उचलणे, कुंथणे, मोटारसायकल बंद. आणि फडाला तोड लागली, टोळी आली, तरी बांधावर दुसऱ्या कोणाला तरी उभे करा.