एका सेकंदात 64 लाख कोटी

पीयूसी काढायची म्हटलं की बिद्री-गारगोटी रस्त्यावरच्या मोटारसायकलवाल्याला तो नुसता वैताग वाटतो. केंद्रावरचा पोरगा सायलेन्सरमध्ये नळी खुपसतो, पडद्यावर कार्बन मोनॉक्साइडचा आकडा उमटतो, कागद हातात पडतो, पैसे देऊन माणूस मोकळा. त्या खोक्यात काय चालतं, हे मात्र कुणी विचारत नाही. खरं तर तिथे रेणूंची थरथर मोजली जाते.

कार्बन मोनॉक्साइडच्या रेणूत दोनच अणू असतात, एक कार्बनचा आणि एक ऑक्सिजनचा. त्यांच्यामधला बंध सतत ताणला जातो नि दबतो, सेकंदाला सुमारे 64 लाख कोटी वेळा. केंद्र सरकारचा 2025-26 चा अर्थसंकल्प 50 लाख कोटी रुपयांच्या आसपास होता. दर कंपनाला एक रुपया द्यायचा ठरवला, तर सेकंद पुरा व्हायच्या आत देशाची तिजोरी रिकामी. आणि हा हिशेब एका रेणूचा! धुरात हा वायू 0.3 टक्के आहे असं धरलं, तर त्याच्या एका घनसेंटीमीटरात असे रेणू किती? 75 वर 15 शून्यं. या कंपनाच्या तालात बसणारा अवरक्त प्रकाश ते शोषून घेतात. यंत्र एवढंच बघतं, की एका टोकाला सोडलेला प्रकाश दुसऱ्या टोकाला किती कमी पोचला.

धुरात सगळ्यांत जास्त असतो नायट्रोजन, पण तो या यंत्राला दिसतच नाही. थरथरतो तोही, सेकंदाला 70 लाख कोटी वेळा. मात्र त्याचे दोन्ही अणू सारखेच असल्याने विद्युतभार इकडचा तिकडे होत नाही, आणि अवरक्त प्रकाशाला धरायला काही सापडत नाही.

नायट्रोजनचा हा मुकेपणा एका बारामतीकराच्या फार कामी आला. 1938 साली बारामतीत जन्मलेले आणि पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून पदवी घेतलेले सी. कुमार एन. पटेल यांनी 1964 साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत कार्बन डायऑक्साइडचा लेझर शोधला. त्यात नायट्रोजन मिसळल्यावर त्याची ताकद एकदम वाढली. कारण असं, की कार्बन डायऑक्साइडचं एक कंपनही सेकंदाला 70 लाख कोटींच्याच घरातलं आहे. दोघांत एक टक्क्याचाही फरक नाही. विजेने थरथरवलेल्या नायट्रोजनला ती ऊर्जा प्रकाश म्हणून टाकता येत नाही. मग कार्बन डायऑक्साइडचा रेणू येऊन आदळला, की ती त्याच्या पदरात पडते. आज पत्रा कापायला आणि अ‍ॅक्रिलिकच्या पाट्या कोरायला हाच लेझर वापरतात.

आदळण्याची गोष्ट निघालीच आहे, तर माझ्या मते खरी गंमत तिथेच आहे. लाख कोटी ऐकून डोकं बधिर होतं, पण रेणूची अवस्था कळते ती दोन धडकांमध्ये तो किती वेळा थरथरतो यावरून. साध्या खोलीतल्या दाबाला कार्बन डायऑक्साइडचा रेणू ताशी 1,300 किलोमीटरहून अधिक वेगाने धावतो आणि सेकंदाला आठशे-नऊशे कोटी धडका खातो. तरीही दोन धडकांमध्ये त्याची सुमारे 8,000 कंपनं होतात आणि स्वतःभोवती साठेक गिरक्याही. रेणूच्या हिशेबात ही भरपूर फुरसत झाली. म्हणूनच विरळ वायूच्या वर्णपटात प्रत्येक गिरकीची बारीक रेघ सुटी दिसते.

आता दाटी करू. दूधगंगा-वेदगंगा साखर कारखान्यासारख्या ठिकाणी विजेच्या पॅनेलपाशी आग विझवायचा कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर ठेवलेला असतो, तसा एक डोळ्यांसमोर आणा. आतला माल हवेत मोकळ्या असलेल्या त्याच वायूच्या सुमारे 400 पट दाट. हा पदार्थ 31 अंशांच्या वर गेला, की त्याच्यात द्रव आणि वायू असा भेदच उरत नाही. म्हणजे एप्रिलमध्ये कोल्हापूरचा पारा पस्तिशी ओलांडतो, तेव्हा त्या सिलिंडरात धड द्रवही नसतो नि धड वायूही नसतो! तिथे दर सेकंदाला काही लाख कोटी धडका. दोन धडकांमध्ये कंपनं फार तर 20, आणि गिरकी तर पावही पुरी होत नाही. सुट्या रेघा एकमेकींत मिसळून एकच जाड उंचवटा उरतो.

या रेणूचं एक कंपन मात्र अवरक्ताला चकवतं. दोन्ही ऑक्सिजन एकदमच बाहेर, एकदमच आत. ते बघायला रामन परिणाम लागतो, 28 फेब्रुवारी 1928 ला कोलकात्यात हाती लागलेला. ढोबळमानाने कोटीभर प्रकाशकणांमागे एखादाच कण रेणूच्या कंपनाची खूण घेऊन परततो, तरी तेवढं पुरतं. इथे एका रेघेऐवजी दोन दिसतात, कारण रेणूच्या वाकण्याची दुप्पट जवळपास याच तालाची असते आणि दोन्ही कंपनं एकमेकांत गुंततात. 1931 साली एन्रिको फर्मी यांनी हे कोडं सोडवलं. एका सेंटीमीटरात किती लाटा मावतात या मापाने विरळ वायूत त्या दोन रेघांमधलं अंतर 103 च्या आसपास असतं, आणि दाटी वाढली की ते 105 पर्यंत जातं. दोन टक्क्यांचा फरक! भूशास्त्रज्ञ खनिजाच्या स्फटिकात अडकलेल्या, मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाएवढ्या बुडबुड्यावर लेझर रोखतात, हे अंतर मोजतात, त्यावरून आतल्या वायूची घनता काढतात, आणि मग तो स्फटिक जमिनीखाली किती खोल तयार झाला याचा अंदाज बांधतात. स्फटिक फोडावाही लागत नाही.