भट्टीचे निदान व चिकित्सा : औषधशाळेतील गॅसभट्टीची निगा

स्नेहपाक असो, अवलेह असो वा कूपीपक्व कल्प असो, मृदु, मध्यम व तीव्र अग्नीचा विचार आपण शास्त्रोक्त क्रमाने करतो. तो अग्नी ज्या भट्टीतून मिळतो तिचा विचार मात्र बहुधा ती बिघडल्यावरच होतो. लाकूड-कोळशाची जागा गॅसने घेतल्यापासून अग्नीवरील नियंत्रण वाढले, हे निःसंशय. परंतु लाकूड विझले तर धूर दिसतो. गॅसची ज्योत विझली तर डोळ्यांना काहीच दिसत नाही. औषधशाळा चालविणाऱ्या प्रत्येकाने हा भेद ध्यानी ठेवला पाहिजे.

काही वर्षांपूर्वी माझ्या लहानशा औषधशाळेत दशमूलाचा क्वाथ उतू गेला आणि खड्ड्यात बसविलेल्या भट्टीची ज्योत विझली. शेजारच्या खोलीत हिंग तुपात भाजला जात होता. उग्र वास आला तो हिंगाचाच, असे मी समजलो. कामगाराने गॅसचा नळ उघडा आहे हे न पाहता वाकून लायटर दाबला आणि भडका उडाला. त्याच्या भुवया जळाल्या, दोन्ही हात भाजले. तो बरा झाला. परंतु चूक त्याची नव्हती. त्याला ज्योत पेटविण्याची रीत मी कधी शिकविलीच नव्हती.

नासिकेवर विसंबू नये

एलपीजी स्वभावतः जवळजवळ गंधहीन असतो. त्यात मुद्दाम मिसळलेले इथिल मर्कॅप्टन हे गंधकयुक्त द्रव्य आहे. हिंग व लसूण यांचा उग्र गंधही गंधकाच्या संयुगांमुळेच येतो. त्यामुळे इतरत्र उपयोगी पडणारी ही सूचना आपल्या औषधशाळेत सहज झाकली जाते. शिवाय हा वायू हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असल्याने तो वर न जाता जमिनीलगत, खड्ड्यात व गटारात साठतो. हवेत त्याचे प्रमाण सुमारे 2 टक्के झाले तरी ठिणगीने पेट घेऊ शकतो. म्हणून केवळ छताजवळचा पंखा पुरेसा नाही. भिंतीच्या तळाशी बाहेर उघडणारे झरोके हवेत. खड्ड्यातील भट्टी शक्य तितक्या लवकर जमिनीवर आणावी.

नित्यपरीक्षा

रबरी नळी, रेग्युलेटर व प्रत्येक सांधा यांवर आठवड्यातून एकदा साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे आले तर गळती आहे, असा निर्णय करावा. काडी पेटवून गळती शोधणे सर्वथा वर्ज्य. नळीला भेगा पडल्या, ती कडक झाली वा तिच्यावरील मुदत संपली, की ती बदलावी. चिकटपट्टीने सांधू नये. सिलिंडर नेहमी उभा, उष्णतेपासून दूर व मोकळ्या हवेत असावा. मोठ्या भट्टीला गॅस कमी पडून सिलिंडरवर दव किंवा बर्फ जमला, तर काही ठिकाणी तो आडवा करतात अथवा त्यावर गरम पाणी ओततात. आडव्या सिलिंडरमधून द्रवरूप गॅस नळीत उतरतो; ही कृती अत्यंत घातक आहे. अधिक सिलिंडर जोडण्याची योग्य व्यवस्था जाणकाराकडून करून घेणे हाच उपाय.

ज्योतीची लक्षणे

निळी, स्थिर व आवाज न करणारी ज्योत हे स्वास्थ्याचे लक्षण. ज्योत पिवळी होऊन भांड्याच्या बुडाला काजळी धरू लागली, तर हवा अपुरी पडत आहे किंवा अवलेहाच्या पाकाने बर्नरची छिद्रे बुजली आहेत असे समजावे. अपूर्ण ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतो. त्याला रंग नाही, गंध नाही. बंद खोलीत काम करणाऱ्यांना एकाच वेळी शिरःशूल, भ्रम वा हृल्लास होऊ लागला, तर पित्तप्रकोपाचा विचार करण्यापूर्वी भट्टी बंद करून सर्वांना मोकळ्या हवेत न्यावे.

ज्योत सूं-सूं करीत बर्नरपासून वर उचलली जात असेल, तर दाब वा हवा अधिक आहे. फट्‌फट् आवाज करीत ती बर्नरच्या आत जळू लागली, तर नळ तत्काळ बंद करून बर्नर पूर्ण थंड होऊ द्यावा. पितळी जेटमध्ये सुई घालून छिद्र साफ करू नये. छिद्र रुंदावते आणि ज्योतीचा तोल कायमचा बिघडतो. जेट बदलणे श्रेयस्कर.

ज्योत विझताच गॅस आपोआप बंद करणारा झडप-संच प्रत्येक भट्टीला असावा. महिन्यातून एकदा ज्योत मुद्दाम विझवून तो चालतो की नाही ते पाहावे. तो वारंवार गॅस तोडतो म्हणून कामगार त्याला बगल देतात. तशी मुभा कदापि देऊ नये.

पाककालातील दक्षता

तैलपाक सिद्ध होताना फेनोद्गम होतो, हे आपण सर्व जाणतो. म्हणून कढईचा किमान तृतीयांश भाग रिकामा ठेवावा आणि पाक आसन्न होताच अग्नी मंद करावा. तैल पेटल्यास पाणी घालू नये. गॅस बंद करून धातूचे झाकण ठेवावे. कोरड्या पावडरीचे अग्निशामक हाताशी, पण भट्टीपासून काही अंतरावर असावे. आसव-अरिष्टांचा साठा व गंधक भट्टीच्या खोलीत ठेवू नयेत.

ज्योत विझल्यास नळ बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, विजेचे कोणतेही बटण दाबू नये आणि गॅस पूर्ण निघून गेल्यावाचून पुन्हा पेटवू नये. पेटविताना आधी काडी, मग गॅस, हा क्रम प्रत्येक कामगाराकडून स्वतःसमोर करवून घ्यावा. गळती आटोक्यात येत नसल्यास बाहेर पडून 1906 या क्रमांकावर कळवावे.

निदानपरिवर्जन हीच पहिली चिकित्सा, हे आपण रुग्णांना सांगतो. माझ्या औषधशाळेत त्या दिवसापासून भट्टीजवळ एक वही टांगलेली आहे. सकाळी कोणी काय तपासले, त्याची सही तिच्यात असते. पहिली सही माझी असते.