सुतावर जास्त, कापडावर कमी : जी.एस.टी.चा उलटा हिशेब

बोईसर-तारापूर एम.आय.डी.सी.तील कापड कारखानदारांचा आणि पालघरच्या आम्हा व्यापाऱ्यांचा सवाल एकच : सरकारकडे अडकलेला पैसा मोकळा कधी होणार?

जी.एस.टी. 1 जुलै 2017 रोजी आला. त्याच वर्षी कृत्रिम सुतावर 12 टक्के व कापडावर 5 टक्के असे दर ठरले. समजा, 100 रुपयांचे सूत घेतले, कर 12 रुपये. कापड 150 रुपयांना विकले, कर साडेसात रुपये. उरलेले साडेचार रुपये सरकारकडे अडकले. ऑगस्ट 2018 पूर्वी कापडासाठी त्याचा परतावा नव्हताच. वर 31 जुलै 2018 पर्यंतची शिल्लक नोटिफिकेशन काढून बुडीत ठरवली गेली. नंतर परतावा सुरू झाला, पण अर्ज आणि कागदपत्रे आली. रक्कम मिळेपर्यंतचे व्याज आम्हीच भरायचे.

2022 पासून कापडच 12 टक्क्यांवर नेण्याचा बेत होता. व्यापाऱ्यांनी विरोध केल्यावर 31 डिसेंबर 2021 रोजी तो थांबला. अखेर 22 सप्टेंबर 2025 पासून कृत्रिम सूतही 5 टक्क्यांवर आले. मात्र यंत्रे व सेवांवरील तुंबलेल्या कराचा परतावा अजूनही मिळत नाही.

व्यापाऱ्याचे भांडवल बिनव्याजी वापरणे म्हणजे सक्तीने घेतलेले कर्जच होय.