मूर्ती एक, पावत्या अनेक

काळाचौकीच्या महागणपतीच्या मंडपात मूर्ती एकच. रांगेतल्या सगळ्यांना दर्शन तिचंच. वर्गणीची पावती मात्र ज्याच्या-त्याच्या नावाने वेगळी फाडतात. सॉफ्टवेअरमधला ‘स्कोप’ ठरतो तो याच हिशेबाने.

जावाच्या ‘स्प्रिंग’ फ्रेमवर्कमध्ये लागणारे ऑब्जेक्ट प्रोग्रामर स्वतः बनवत बसत नाही. स्प्रिंगचा कंटेनर ते बनवून हातात देतो. ऑब्जेक्टचं आयुष्य किती, हे स्कोप सांगतो. काहीच सांगितलं नाही तर तो ‘सिंगलटन’: एकच, सगळ्यांना तोच. ‘प्रोटोटाइप’ म्हणजे मागाल तेव्हा नवा. त्याची शेवटची आवराआवर मात्र स्प्रिंग करत नाही. २००६च्या २.० आवृत्तीत ‘रिक्वेस्ट’ (एका विनंतीपुरता) आणि ‘सेशन’ (एका वापरकर्त्याच्या सत्रापुरता) हे स्कोप आले. गूगलच्या ‘ज्यूस’ या तशाच फ्रेमवर्कची रीत उलटी, न सांगता दर वेळी नवा.

डोकेदुखी सुरू होते सरमिसळीत. सिंगलटनला प्रोटोटाइप जोडला, तर तो प्रोटोटाइपही एकदाच बनतो आणि तिथेच अडकून पडतो. त्याहून वाईट म्हणजे सिंगलटनमध्येच ग्राहकाचं नाव साठवणं. दोन विनंत्या एकदम आल्या, की एकाच्या पडद्यावर दुसऱ्याचं नाव! चाचणीला एकटाच माणूस बसलेला असतो, त्यामुळे हे तेव्हा सापडतही नाही.

रिक्वेस्टपुरता ऑब्जेक्ट सिंगलटनला हवाच असेल, तर मध्ये ‘प्रॉक्सी’ ठेवतात. दर कॉलला तो चालू विनंतीतला ऑब्जेक्ट शोधतो आणि काम त्याच्याकडे सोपवतो.