पाय पाळण्यातच दिसतात का?

'मुलाचे पाय पाळण्यात दिसतात' ही म्हण आपण बायका किती सहज वापरतो! तान्ह्या पोरानं जोरात लाथ मारली, की आजी कौतुकानं म्हणते, "हा फुटबॉल खेळणार बघ!" पण तोच मुलगा खरोखर फुटबॉल खेळायला लागला, सतराव्या-अठराव्या वर्षी एखाद्या क्लबात गेला आणि वर्षभर राखीव खेळाडूंच्या बाकावरच बसून राहिला, की पाळण्यातलं कौतुक कुणालाच आठवत नाही. मग घरात एकच प्रश्न घुमत राहतो. याचं पुढे काही होणार आहे, की उगाच वर्षं चालली आहेत?

मालवण-कुडाळकडची आपली मुलं तशी क्रिकेट आणि कबड्डीची. पण बांद्यावरून पुढे पत्रादेवीचा नाका ओलांडला, की फुटबॉलवेडा गोवा. त्यामुळे सावंतवाडी, वेंगुर्ला, दोडामार्ग या बाजूच्या मुलांना हे वारं लागतंच. बचत गटाच्या कामासाठी माझं किनाऱ्यावरच्या गावांतून फिरणं असतं. हप्त्याचे हिशेब झाले की बायका घरातलं बोलतात. सुकी मासळी विकणाऱ्या एका बाईंचा मुलगा गोव्यात एका क्लबाकडे आहे. वय एकोणीस. दोन वर्षं झाली, पण मुख्य संघात नाव लागत नाही. त्या मला म्हणाल्या, "वयनी, माका काय कळणा नाय. झिलाक परत बोलवून घेव काय?"

घरचे म्हणतात आयटीआयला घाल, शेजारी म्हणतात होडीवर पाठव, आणि मुलगा म्हणतो अजून एक वर्ष दे. त्या माऊलीनं ठरवायचं तरी कसं? त्यांच्या प्रश्नामुळे मी वाचलं, दोन-तीन क्रीडाशिक्षकांना विचारलं. त्यातून जे हाती लागलं, ते तुमच्यापुढे ठेवते.

उशिरा पिकलेलं फळ

आधी एका मराठी मुलाची गोष्ट सांगते. २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांचा फुटबॉल विश्वचषक भारतात झाला. आपल्या एकवीस जणांच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. देशभर त्या मुलांचं कौतुक झालं. त्याच वर्षी मुंबईचा राहुल भेके सव्वीस वर्षांचा होता आणि भारताच्या मुख्य संघातून एकही सामना खेळलेला नव्हता. मुंबई, कोलकाता, केरळ, पुणे असं क्लब बदलत बदलत तो बेंगळुरूला पोचला होता.

मार्च २०१९ मध्ये इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना मुंबईत झाला, गोवा विरुद्ध बेंगळुरू. जादा वेळ संपायला तीनच मिनिटं उरली होती. ११७व्या मिनिटाला राहुल भेकेनं डोक्यानं गोल केला आणि बेंगळुरूनं करंडक नेला. गोव्याच्या बाजूनं बसलेल्या आपल्याकडच्या मंडळींचे चेहरे तेव्हा चांगलेच पडले असणार! त्याच वर्षी जूनमध्ये, अठ्ठाविसाव्या वर्षी, तो भारताकडून पहिला सामना खेळला. २०२२मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबानं पहिल्यांदा सामना जिंकला, इराकच्या संघाविरुद्ध. तो विजयी गोलही त्याचाच. आणि २०२४मध्ये मुंबई सिटीनं करंडक जिंकला, तेव्हा कर्णधार होता राहुल भेके. एकोणिसाव्या वर्षी हे सगळं त्याच्या कपाळावर लिहिलेलं कुणाला दिसलं असतं?

परदेशातलं एक उदाहरण तर बाकावरचंच आहे. २०१३ साली इंग्लंडमधल्या लेस्टर सिटी या क्लबाच्या राखीव बाकावर दोन खेळाडू बसलेले होते, जेमी वार्डी आणि हॅरी केन. वार्डीला सोळाव्या वर्षी अंगानं लहान म्हणून एका क्लबानं काढून टाकलं होतं. पुढे कारखान्यात काम करत तो छोट्या क्लबांतून खेळला. लेस्टरमधला पहिला मोसमही त्याला जड गेला. केन तर दुसऱ्या क्लबाकडून उसना घेतलेला. तीन वर्षांनी, २०१६ मध्ये, वार्डीच्या गोलांवर लेस्टर इंग्लंडचा विजेता झाला. आणि केन आज इंग्लंडच्या इतिहासात सर्वांत जास्त गोल करणारा खेळाडू आहे.

वाढदिवसाची गंमत

असं का होतं? एक कारण आपल्या आयांच्या ओळखीचं आहे, जन्मतारीख. वयोगटाच्या स्पर्धेत १ जानेवारी ही सीमा धरली, तर जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला एकाच गटात येतात. चौदाव्या वर्षी अकरा महिन्यांचा फरक म्हणजे थोडाथोडका नव्हे! कॅनडातल्या आइस हॉकीत हे १९८०च्या दशकात पहिल्यांदा नीट लक्षात आलं. निवडलेल्यांत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली मुलंच जास्त. पुढे फुटबॉलमध्येही देशोदेशी हेच दिसलं. राहुल भेकेचा जन्म डिसेंबरचा, हेही जाता जाता सांगते. (आपल्याकडे पूर्वी गुरुजी शाळेत नाव घालताना सरसकट १ जून लिहीत, ती गंमत वेगळीच! आता वय ठरवायला मनगटाचा एक्स-रे काढतात.)

दुसरं कारण शरीराची वाढ. मुलगे साधारण तेराव्या-चौदाव्या वर्षी झपाट्यानं वाढतात. पण कुणी बाराव्यातच ताडमाड होतो, तर कुणाला सोळावं उजाडावं लागतं. लवकर वाढलेला दांडगा मुलगा ताकदीवर सामने जिंकून देतो, साहजिकच प्रशिक्षकाची नजर त्याच्यावर जाते. उशिरा वाढणाऱ्याची उंची पुढे भरून निघते हो, पण मधल्या तीन वर्षांत न मिळालेले सामने भरून निघायला वेळ लागतो. एकोणिसाव्या वर्षी तो 'मागे' दिसतो, त्यातला काही भाग हा असतो. बेल्जियमसारख्या चिमुकल्या देशानं हे ओळखून उशिरा वाढणाऱ्या मुलांचे वेगळे संघच काढले, म्हणजे ती गळून जाऊ नयेत.

आपल्या माडांचं तरी दुसरं काय असतं? ठेंगू जातीचा माड तीन-चार वर्षांत धरतो. बाणवलीला सहा-आठ वर्षं थांबावं लागतं, पण मग तो पुढच्या पिढ्यांनाही नारळ देतो.

पण प्रत्येक माड बाणवली नसतो

मैत्रिणींनो, इथे थोडं कडू बोलायला हवं. वार्डीची गोष्ट पेपरात येते, कारण तो यशस्वी झाला. त्याच्यासारखीच वाट बघून जे घरी परतले, त्यांची गोष्ट कुणी छापत नाही. २०१७च्या त्या कौतुकाच्या संघातलेही काही जण भारताच्या मुख्य संघात पोचले, काही नाही पोचले. म्हणजे लवकर चमकणं ही जशी हमी नाही, तशी उशीर होणं हीदेखील गुणाची खूण नाही. 'माझाही राहुल भेके होईल' असं म्हणून डोळे मिटून बसणं मुलावर अन्याय करणारं ठरेल.

मग बघायचं काय? गोल मोजू नका. क्रीडाशिक्षकांच्या बोलण्यातून आणि वाचनातून मला या गोष्टी उमगल्या.

पहिली, त्याची तुलना शेजारच्या खेळाडूशी नको, सहा महिन्यांपूर्वीच्या त्याच्याशीच करा. डावा पाय तेव्हा चालत नव्हता, आता चालतो का? शेवटच्या वीस मिनिटांत दम लागायचा, तो कमी झाला का? वेग थोडा असला तरी चालेल, पण चाक फिरतंय ना, ते बघायचं.

दुसरी, चेंडू पायाशी येण्याआधी तो काय करतो? मान वळवून आजूबाजूला बघतो का? नॉर्वेमधल्या अभ्यासकांनी मोठमोठ्या खेळाडूंची चित्रफीत तपासली, तेव्हा वारंवार आजूबाजूला बघणाऱ्यांचे पास जास्त अचूक दिसले. हे तर आपल्यासारख्या फुटबॉल न कळणाऱ्या बाईलाही कठड्याबाहेर उभं राहून दिसतं!

तिसरी, चेंडू गेला की पुढच्या पाच सेकंदांत तो काय करतो? कमरेवर हात ठेवून उभा राहतो, की परत धावतो?

चौथी, प्रशिक्षक त्याला ओरडतात का? ओरडत असतील तर बरं आहे. ज्याच्याकडून काही अपेक्षाच उरलेली नाही, त्याला कुणी ओरडत नाही. मात्र एकच चूक वर्षभर सांगावी लागत असेल, तर तो इशारा समजा.

आणि पाचवी, सगळ्यांत महत्त्वाची. त्याला सामने मिळतात का? मोठ्या क्लबाच्या बाकावर बसून कुणी शिकत नाही. खालच्या विभागातल्या क्लबात दर आठवड्याला नव्वद मिनिटं मिळत असतील, तर ते जास्त चांगलं. केनला चार वेगवेगळ्या क्लबांत उसना पाठवला होता, तो याचसाठी. शिवाय जागाही बघावी लागते. गोलरक्षक आणि बचावफळीतले खेळाडू सहसा उशिरा मुरतात. आघाडीच्या पोरांकडून मात्र लवकर अपेक्षा केली जाते.

म्हणून फोनवर "गोल केलास का?" हे विचारणं सोडा. "किती मिनिटं खेळलास? कुठल्या जागेवर? सर काय म्हणाले?" हे विचारा आणि उत्तरं कॅलेंडरवर लिहून ठेवा. दूधवाल्याचे खाडे लिहितो ना, तसे! सहा महिन्यांनी ते पान तुम्हाला आपोआप सांगेल.

मुदत आणि कागद

वाट बघायची तर मुदत घालून बघायची. आमच्या त्या बाईंनी मुलाशी बसून ठरवलं, आणखी दोन पूर्ण मोसम. तोवर मुख्य संघात किंवा दुसऱ्या एखाद्या क्लबात नियमित सामने मिळाले नाहीत, तर दुसरा रस्ता. मुलानंही ते मान्य केलं. दर घटकेला "परत येतोस का?" विचारण्यापेक्षा हे बरं, त्याच्या डोक्यावरची टांगती तलवार जाते.

मधल्या काळात शिक्षण सोडायचं नाही. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बाहेरून पदवी घेता येते. राज्य-राष्ट्रीय पातळीवर खेळल्याची प्रमाणपत्रं फाईलमध्ये जपून ठेवा. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, तिथे ती लागतात. क्लबाशी करार लेखी हवा, अखिल भारतीय फुटबॉल महासंघाकडे नोंदणी झालेली हवी. 'निवडचाचणीला बसवतो, पन्नास हजार द्या' म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. आणि पैशाची खात्री मोठ्या खेळाडूंनाही नसते. २०२५मध्ये देशातली सर्वांत मोठी लीगच वेळेवर सुरू झाली नाही, नावाजलेल्या खेळाडूंचेही पगार अडकले. म्हणून फुटबॉलच्या जोडीला हाताला दुसरं काहीतरी हवंच.

दुखण्याकडेही लक्ष असू द्या. वाढीच्या वयात टाच किंवा गुडघ्याखाली दुखतं, पाय आपलेच नाहीत असं वाटतं, हातातला खेळ काही काळ बिघडतो. तो आळस नसतो. डॉक्टरांना दाखवा आणि ताटात बांगडा, अंडं, नाचणी, डाळ भरपूर वाढा.

आणि मुलींचं काय?

मुलींची वाढ मुलांपेक्षा साधारण दोन वर्षं आधी होते. पण नेमक्या त्याच वयात आपण त्यांना मैदानावरून घरात आणतो. पाळी आली, कपडे आखूड, मैदानाजवळ स्वच्छतागृह नाही. मग कॉलेजात गेल्यावर एखादी पुन्हा चेंडूला पाय लावते आणि आपण म्हणतो, 'हिला आता काय जमणार?' तिची सुरुवात उशिरा झाली, ती आपल्यामुळे! २०२२मध्ये मुलींचा सतरा वर्षांखालील विश्वचषक मडगावला आणि नवी मुंबईतही खेळला गेला, म्हणजे अगदी आपल्या शेजारी. २०२५च्या जुलैमध्ये भारताच्या महिला संघानं थायलंडला त्यांच्याच देशात हरवून आशियाई चषकाचं तिकीट मिळवलं. उशीर झालेल्या मुलाला आपण दोन मोसम देतो, तर मुलीला निदान एक तरी देऊया.

पाळण्यात दिसतात ते फक्त पाय. ते कुठे जाणार हे पुढची पंधरा-वीस वर्षं ठरवतात. आईनं तोवर दोनच गोष्टी कराव्यात. डोळे उघडे ठेवावेत आणि परतीची वाटही मोकळी ठेवावी. परत आलेल्या मुलाला 'हरून आलास' असं घरात कुणी म्हणणार नाही, एवढं मात्र आपल्या हातात नक्की आहे.